राखेनं घासलेले आठ टॅपेट

एका खंडेनवमीला मी जीपच्या इंजिनातले आठ टॅपेट चुलीच्या राखेनं घासले, ताटात गोल मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिलं, आणि मग कोणता कुठला होता ते विसरून गेले. हे मी नातवंडांना आजवर सांगितलेलं नाही. ती मला हुशार समजतात आणि त्यांचा तो गैरसमज मला सोयीचा आहे.

तेव्हा मी तिशीतली होते. सासर यावलचं. नवरा जीप चालवायचा, यावल ते भुसावळ, कधी जळगावपर्यंत. जीप जुनी, पेट्रोलची. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती घरात होती, त्यामुळे मानही तिला माझ्या आधी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबा सकाळी उठले की आधी जीपकडे एक फेरी मारत आणि मग चहाकडे वळत. त्या वर्षी पावसाळा संपता संपता जीप धूर ओकायला लागली, तेव्हा इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा बदलायचं ठरलं. घरामागचा गोठा रिकामाच होता. तिथं मिस्त्रींनी कप्पी बांधली आणि इंजिन खाली घेतलं.

मिस्त्री पन्नाशीचे, मूळचे धुळ्याकडचे. माझं माहेर नरडाण्याजवळ आणि त्यांचं गाव तिथून दोन कोसांवर. यावलची बोली वेगळी, त्यामुळे अहिराणी बोलायला त्यांना मी आणि मला ते. एवढ्यावरूनच त्यांनी मला बहीण मानलं होतं. दर भाऊबीजेला स्टँडजवळचं आपलं छोटं गॅरेज बंद करून ते ओवाळून घ्यायला यायचे. हात धुऊन यायचे, तरी पाटावर काळे ठसे उमटायचेच.

नवमीच्या आदल्या दिवशी ते गावी निघाले. घरची पूजा होती. जाताना गोठ्यातली एक फळी मला दाखवली. फळीवर खडूनं एक ते आठ आकडे काढलेले आणि प्रत्येक आकड्यासमोर एकेक टॅपेट उभा. टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढं पोलादी नळकांडं, बुडाशी सपाट. आठही दिसायला एकसारखे, जुळ्या भावांसारखे.

"बहीन, या फळीले हात लावू नको," ते म्हणाले. "बठ्ठा आपापला जागावर शेतस."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी त्या काळी फार पटाईत होते.

आता नवमीला हत्यारं पुजायची हे आमच्याकडे ठरलेलं. कोयता, विळा, पहार, नवऱ्याचे पाने, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. आबा म्हणाले, "इंजिनालाही कुंकू लाव. बिचारं उघडं पडलंय." मी गोठ्यात गेले. ते उघडं इंजिन, ते काळंकुट्ट तेल आणि फळीवरचे ते आठ तेलकट बुटके. माझ्या पितळेच्या घागरी गल्लीत प्रसिद्ध होत्या, लोक त्यांत तोंड बघत. अशा बाईच्या घरी नवमीला मळकी वस्तू पुजली जाणार? फळीला हात लावू नको म्हणाले होते, फळीवरच्या वस्तूंना कुठे म्हणाले होते, असा बारीक कायदाही मी मनात काढला. वकिलीला घातलं असतं तर नाव काढलं असतं मी.

आधी रॉकेलमध्ये बुडवले, मग राख. बुडं तर इतकी चमकवली की त्यांत मला माझा आनंद दिसत होता. फळी मळकी दिसली म्हणून तीही घासली. ताटात आठांचा गोल केला, मधे सुपारी, वर झेंडूच्या पाकळ्या. आबांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "सून असावी तर अशी."

संध्याकाळी ताट आवरताना फळीकडे नजर गेली. खडूचे आकडे धुऊन गेले होते आणि आठांपैकी कोण कुठला, ते आठांनाही सांगता आलं नसतं.

इथंवर वेडेपणा होता. पुढं जे केलं तो मात्र लबाडपणा. सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं, पण आबांचं ते वाक्य अजून कानात गोड वाजत होतं. मी मुलाच्या दप्तरातला खडू घेतला आणि फळीवर पुन्हा एक ते आठ लिहिले. मिस्त्री शाळेत फारसे गेलेले नव्हते, त्यांचा चार उलटा यायचा. तोही मी उलटाच काढला. मग टॅपेट जसे हाताला लागले तसे उभे केले, डब्यातलं तेल पुन्हा चोपडलं आणि स्वयंपाकाला लागले. सगळे एकसारखेच तर आहेत, असं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत भाकरी थापल्या. त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या होत्या.

दसऱ्याला मिस्त्री आले, फळी पाहिली, आकड्याप्रमाणे टॅपेट बसवले. दोन दिवसांत जीप सुरू झाली. धूर गेला. मी निश्वास सोडला आणि आपल्याला इंजिनातलं बरंच कळतं असं मानायलाही लागले.

आठवड्याभरात आवाज यायला लागला. टकटक, टकटक, कुणी आतून दार वाजवतंय असा. मग जीप चढावर दम टाकायला लागली. भालोदच्या रस्त्यावर ती भरल्या माणसांनिशी उभी राहिली तेव्हा नवऱ्याला उतारू लोकांनी काय काय सुनावलं, ते त्यानं घरी येऊन मला शब्दशः सुनावलं. धनत्रयोदशीच्या आधी इंजिन पुन्हा गोठ्यात उतरलं.

मिस्त्रींनी कॅमशाफ्ट बाहेर काढला. लांब दांडा, त्यावर आठ उंचवटे, प्रत्येक अंड्याच्या टोकासारखा. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट वरच्या झडपेला उचलतो आणि इंजिन श्वास घेतं. त्या आठांतले दोन उंचवटे झिजून जवळजवळ गोल झाले होते.

मिस्त्री किती तरी वेळ त्या दोन उंचवट्यांवरून बोट फिरवत राहिले. मग आबांना समजावून सांगितलं. जुना टॅपेट आणि त्याचा उंचवटा वर्षानुवर्षं एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. म्हणून जुने टॅपेट परत घालायचे तर आपापल्याच जागी. अदलाबदल झाली की ते एकमेकांना खातात. "माझ्याकडूनच अदलाबदल झाली," ते म्हणाले. "आकडे मीच चुकीचे टाकले असणार."

आबा म्हणाले, "मिस्त्री, वय झालं तुमचं."

आबा त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते, पण ते कुणी बोललं नाही. मीही नाही. मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते.

कप द्यायला गेले तेव्हा मिस्त्री माझ्याशी हळूच बोलले. "मन्हं डोकं आते काम करत नही, बहीन. खडूनं लिखेल माले साफ आठवस, आनि तरी चुकनं." दिवाळी झाली की ही जीप नवा कॅम घालून उभी करायची, मग गॅरेज बंद करून धुळ्याला भावाकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हातावर भरवसा आहे, डोक्यावर नाही, आणि डोक्यावर भरवसा नसलेल्यानं लोकांची इंजिनं उघडू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

स्टँडवर तोवर बातमी पसरलीच होती. एक जीपवाला तर आपली उघडलेली गाडी त्यांच्याकडून ओढून दुसरीकडे घेऊन गेला.

मी सहा दिवस गप्प राहिले. करंज्या केल्या, चकल्या केल्या, घागरी घासल्या. घागरीत तोंड बघवत नव्हतं एवढाच काय तो फरक.

भाऊबीजेला ते आले. पाटावर बसले, टोपी सारखी केली. मी ओवाळणीचं ताट आणलं, निरांजन लावलं, आणि लक्षात आलं की हे तेच ताट. सुपारीही तीच असेल, आमच्याकडे सुपाऱ्या पिढ्यान्पिढ्या चालतात. कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

"मिस्त्रीभाऊ, टॅपेट मी धुतले होते," मी म्हणाले. "नवमीला. राखेनं. फळीपण धुतली. आकडे मी लिहिले."

नवरा आणि आबा शेजारीच बसले होते. आबांच्या हातातली चकली हातातच राहिली.

मिस्त्री रागावतील, उठून जातील, असं वाटलं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"चार बी उलटा काढा तू?"

"हो."

"दखाड."

नवऱ्यानं फळी आणली. मी खडूनं उलटा चार काढला. त्यांनी शेजारी स्वतःचा काढला. दोन्ही आकड्यांवर ते सोनारासारखे वाकून पाहत बसले. मग पाठ सरळ केली, कपाळ पुढे केलं आणि म्हणाले, "लाव आते कुंकू." त्या दिवशी त्यांनी सात करंज्या खाल्ल्या. मी मोजल्या, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

नवरा मात्र दोन दिवस माझ्याशी मीठ-भाकरीपुरतंच बोलला. आबांनी "सून असावी तर अशी" हे वाक्य परत घेतल्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळलं.

जळगावहून नवा कॅम आला, बरोबर आठ नवे टॅपेट. नव्या कॅमला जुना टॅपेट चालत नाही, आठही नवे लागतात. बसवताना मिस्त्रींनी मला गोठ्यात बोलावून घेतलं आणि शेजारी स्टुलावर बसवलं. प्रत्येक उंचवट्यावर आणि प्रत्येक टॅपेटच्या बुडाला त्यांनी बोटानं काळं मलम चोपडलं. काजळासारखं दाट.

"हा मळ नाही," ते आबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हे पुसायचं नाही. तेल पोचेपर्यंत हेच त्याला वाचवतं."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

इंजिन जीपमध्ये बसलं. सुरू करण्याआधी त्यांनी तेलाचा पंप हातानं फिरवून फिरवून तेल वरपर्यंत चढवलं. कार्बोरेटर पेट्रोलनं भरून घेतला, टायमिंग दोनदा पाहिलं. सुरू व्हायचं तर पहिल्याच झटक्याला व्हायला हवं, नुसतं घरघर घरघर फिरवत बसलं तर मलम निघून जातं आणि लोखंडावर लोखंड घासतं. मग मला म्हणाले, "गाडीत बस. ॲक्सिलरेटरवर पाय ठेव."

"मी?"

"राख कोणी लावली?"

मी लुगड्याचा ओचा आवरून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. नवरा बाजूला तोंड करून उभा. आबांनी नारळ फोडला. मिस्त्रींनी बटण दाबलं आणि इंजिन एका झटक्यात लागलं.

"दाब," मिस्त्री म्हणाले. "अजून. हां, तिथं धर."

गोठा दणाणला. कबुतरं उडाली. आबा धावत आले. "अरे हळू, हळू. नवीन आहे ते. जरा सावकाश चालू दे. नव्या नवरीसारखं."

मला नवी असताना कुणी सावकाश चालू दिल्याचं स्मरत नाही, दुसऱ्याच दिवशी माणशी चार भाकरींचं पीठ पुढ्यात आलं होतं. पण ती वेळ हे बोलायची नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "आबा, सावकाश चालवलं तर मरेल. कॅमला वरून तेल मिळत नाही. खाली क्रँक जोरात फिरतो, तेल उडवतो, ते उडालेलं तेल त्याला मिळतं. पहिली वीस मिनिटं हळू होऊ द्यायचं नाही. या वीस मिनिटांत कॅम घडतो, नाहीतर जातो."

आबांनी घरातलं गजराचं घड्याळ आणून बॉनेटवर ठेवलं. विश्वास नव्हता, पण मोजायला हरकत नव्हती.

वीस मिनिटं किती मोठी असतात ते मला तेव्हा कळलं. मिस्त्री डोळे मिटून उभे, कान इंजिनाकडे. हाताची बोटं जरा वर झाली की मी पाय दाबायची, जरा खाली आली की सैल सोडायची. एकाच आवाजावर फार वेळ थांबू द्यायचे नाहीत. दहाव्या मिनिटाला पोटरीत गोळा आला. तेवढ्यात आवाज ऐकून स्टँडवरचे दोन-तीन जीपवाले कुंपणाशी आले. गाडी ओढून नेणारा तोही त्यांच्यात होता.

"काय मिस्त्री," तो ओरडला, "या वेळी तरी टॅपेट जागेवर बसले का?"

मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. मी उघडेच ठेवले होते.

"मागच्या वेळीही त्यांनी बरोबरच ठेवले होते," मी इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाले. "मी हलवले. राखेनं घासून पूजा केली मी त्यांची. आकडेही मीच खोटे लिहिले. तुझी गाडी परत आण त्यांच्याकडे, आणि तुझ्या बायकोला सांग, नवमीला फक्त विळा घासायचा."

ते हसले. हसू देत म्हटलं. यावलच्या स्टँडवर पुढची दोन वर्षं मला "राखवाली वहिनी" म्हणायचे, समोर नाही, पण मला ऐकू येईल इतक्या लांबून.

वीस मिनिटं झाली. मिस्त्रींनी हात खाली केला, मी पाय उचलला. इंजिन शांत चालत राहिलं, टकटक कुठेही नाही. त्यांनी ते बंद केलं, गरम तेल खाली सोडायला माझी पीठ मळायची परात मागितली, आणि मी निमूट दिली. परात उन्हात धरून त्यांनी तेलात लोहचुंबक फिरवला, बोटांवर तेल घेऊन चोळलं. लोखंडाची चमक नव्हती. आबांनी वाकून पाहिलं, काही कळलं नाही, तरी मान डोलावली.

मी जीपमधून उतरले. चाकाला टेकून पोटरी चोळली आणि विचारलं, "मग, मिस्त्रीभाऊ, धुळ्याला कधी निघताय?"

त्यांनी परातीतलं तेल डब्यात ओतलं, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "पुढली नवमीले मालेच पाटवर बसाड, बहीन, आनि लाव कितलं कुंकू लावनं शे ते. मी मन्ही जागा बदलत नही."