आईचं मोठ्यानं हसणं

कॅसिनोतल्या यंत्राचे दिवे लुकलुकले, घंटा खणखणली आणि आई खळखळून हसली. लगेच तिनं पदर तोंडावर धरला आणि मागं वळून पाहिलं, जणू बाबा तिथंच उभे होते.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. जन्मभर बसनं फिरून त्यांनी साठवलेल्या पैशांतूनच मी तिला गोव्यातल्या या महागड्या रिसॉर्टवर आणलं होतं. इथल्या चहाची किंमत ऐकूनच त्यांनी कपाळाला हात लावला असता. सकाळपासून ते मला टोचत होतं.

"ह्यांना नसतं आवडलं," आई म्हणाली.

"नसतंच. उद्या सकाळी निघूया का?"

इतके पैसे वसूल झाले की नाही, हे कशावरून ठरवायचं? आमच्या घरात आई हसायची, पण असं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

"मला आवडतंय गं इथं," ती अगदी हळू म्हणाली. "आणखी एक दिवस राहिलो तर?"

मी हो म्हटलं. मग बराच वेळ आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.