आमची चावी परब काकूंकडे होती

मंडळी, क्रूझचे फोटो आज टाकणार नाहीये.

सकाळी बोट मुंबईला लागली. सामान हातात येईपर्यंत दुपार. पहिल्या कॅबवाल्याने बॅगा बघूनच ट्रिप कॅन्सल केली. दुसरी मिळाली, ती हायवेला रखडली. मी सगळ्यांवर डाफरत होते.

आमच्या समोरच्या परब काकू एकट्या राहतात. आम्ही बाहेरगावी गेलो की चावी त्यांच्याकडे. आमच्या देवापुढे दिवा लावून त्या रोज फोटो पाठवतात. बोटीवर नेटवर्क नव्हतं. आज कॅबमध्ये सगळे फोटो एकदम आले, पण परवापर्यंतचेच. फोनही उचलेनात. नवरा म्हणाला, "झोपल्या असतील गं."

मीरा रोडला पोचलो. त्यांच्या दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या, कालची फुगलेली. आतून रिंग ऐकू येत होती. मीच फोन लावत होते.

आमची चावी त्यांच्याकडे. त्यांची मात्र आम्ही कधी मागितलीच नाही. चावीवाला येईपर्यंत मी नुसती दार बडवत होते.

काकू बाथरूमबाहेर पडलेल्या सापडल्या. श्वास चालू होता. आता आयसीयूत आहेत. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

मघाशी नर्सने सेफ्टी पिनला अडकवलेली एक चावी आणून दिली. "इनके गाऊन में लगी थी. आपकी है क्या?"

आमचीच.

तुमच्या शेजारी एकटं राहणाऱ्या माणसाची चावी आहे का हो तुमच्याकडे?