स्क्रू तुम्हीच काढा

सुभेदार गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला हात लावायचे नाहीत. साताऱ्यात स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. सगळी नोकरी फौजेत वायरलेसवर काढलेली, आणि तरीही मशीन ज्याचं त्यानंच खोलायचं, हा तिथला कायदा. सुभेदार पलीकडे ताठ बसून नुसते हुकूम सोडणार. आमच्याकडे गल्लोगल्ली फौजी पेन्शनर, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. शिस्त लावतायत, म्हणायचे आणि स्क्रू काढायला बसायचे.

मी मुकाट बसणाऱ्यांतली नव्हे. कॉलेजात शिकवते, तोंडाची फटकळ आहे. पण त्या दिवशी माझं धाबं दणाणलं होतं. तीन वर्षं कवठे महांकाळकडच्या मेंढपाळ घरांतून हिंडून मी म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड केली होती. त्यांतल्या दोघी तोवर वारल्याही होत्या. ते सगळं त्या एका लॅपटॉपात. दुसरीकडे प्रत ठेवायची अक्कल मला नव्हती. प्रबंध द्यायला चार दिवस उरलेले, आणि बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी मशीन ढिम्म.

सुभेदारांनी आधी माझीच चौकशी मांडली. शेवटचं कधी चालू होतं, पाणी सांडलं का, पडलं का. मी नाही म्हटलं. त्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. शेवटी मीच कबूल केलं की इस्लामपूरहून येताना एसटीत बॅग वरच्या फळीवरून खाली आली होती.

"मॅडम, मशीन कवा खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बोलतंय."

मग त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाला आपला जुना रेडिओ लावला. तो बोलायला लागल्यावर वीज आहे असं ठरलं. चार्जरचा दिवा लागलाय का, ते मला सांगायला लावलं. मग चार्जर काढून स्क्रू खोलायचे. प्रत्येक स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकायचा, टण् वाजलं की सुभेदार कवायतीसारखा हिंदीत आकडा म्हणणार. दहा झाले. बॅटरीची पिन सोडवून बटण तीस आकडे होईपर्यंत दाबून धरलं. मी मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. दुरुस्ती मीच करायची तर ह्यांनी दुकान कशाला थाटलं?

शेवटी मेमरीची पट्टी काढायला लावली. तिचे पितळी दात खोडरबरानं हलके घासून परत बसवायचे. मी बसवली. "न्हाई बसली," ते म्हणाले. पुन्हा दाबली, तेव्हा कट् असा आवाज आला आणि त्यांनी मान हलवली. पिन जोडली, चार्जर लावला, बटण दाबलं. पंखा घुरघुरला. सुलटं करताना मशीनचं तोंड त्यांच्याकडे झालं होतं. पडदा उजळला, आणि त्याचा पांढरा उजेड त्यांच्या कपाळावर, मिशांवर, उघड्या डोळ्यांवर पडला.

"पंखा आला," सुभेदार म्हणाले. "पडद्यावर काय आलं का?"

पडदा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता. रेडिओ, वाटी, मोजलेले आकडे, ती शिस्त, सगळं एका क्षणात डोक्यात उलटंपालटं झालं. तीन वर्षांची गाणी परत मिळाली होती आणि मला आनंद व्हायचंच सुचेना. किती वेळ तशी बसले कुणास ठाऊक. मग कसंबसं म्हटलं, "आलं, सुभेदार. लागलं."

मी हे कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही. दिसत नाही कळल्यावर त्या माणसाकडे मशीन कोण नेईल? दुकान गेलं की सुभेदार जगायचे नाहीत, हे मला कळत होतं. उलट माझ्या विद्यार्थ्यांना मी दटावून पाठवायची, फौजी आहेत, सांगतील ते मुकाट करायचं.

गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले. समाचाराला त्यांच्या घरी गेले तर ओसरी गिऱ्हाइकांनीच भरलेली. झेरॉक्सवाला खाली मान घालून म्हणाला, आता सांगायला हरकत नाही, मला चार वर्षं माहीत होतं, पण दुकान चालावं म्हणून बोललो नाही. शेजारचे वकील चमकून त्याच्याकडे बघायला लागले. त्यांनाही माहीत होतं. पलीकडच्या नर्सबाईंनाही. जो तो समजत होता, हे गुपित आपण एकट्यानं सांभाळलंय. मी तर थक्कच झाले. पण आम्हाला ठाऊक आहे हे निदान सुभेदारांना तरी शेवटपर्यंत कळलं नाही, एवढं समाधान मी करून घेत होते.

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं डोळे पुसले.

"आवं, ह्यास्नी समदं ठावं हुतं," ती म्हणाली. "घरी आल्यावर जेवताना सांगायचे, आज आनि एक गिऱ्हाईक एकदम गप झालं."