विहाराचे पैसे चंद्रपूरला नेताना

मी चंद्रपूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. भाजी घ्या, ऑटोचं भाडं द्या, चक्कीवर दळण आणा, सगळीकडे फोन चालतो. फोन नाही चालला तर कार्ड. पर्समध्ये नोटा ठेवणं मी कधी सोडलं ते मला आठवतही नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, कुरखेड्याजवळच्या आमच्या गावी, मोठ्या आईनं माझ्या मांडीवर नोटांची थैली आणून ठेवली तेव्हा मी दचकलेच. थैली गच्च भरलेली होती आणि तिला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण अजून धानाच्या बांधीत उतरते. गावातल्या बुद्धविहाराचा सगळा कारभार तिच्यावर. विहारात सिमेंटची जुनी मूर्ती होती. एक कान झडलेला, रंग दरवर्षी नवा द्यावा लागायचा. पंचधातूची मूर्ती आणायची असं लोकांनी ठरवलं, आणि मग कोणी धानाच्या रोवणीच्या मजुरीतून, कोणी मोहफुलं विकून, कोणी निराधार योजनेच्या पगारातून पैसे आणून मोठ्या आईच्या हातात ठेवत गेलं. तिनं ते एका डब्यात, डबा धान साठवायच्या ढोलीत, आणि वरून कडुनिंबाचा पाला, असे सांभाळले.

मूर्तिकार चंद्रपूरचा. मीच शोधून दिला होता. काम सुरू करण्याआधी त्याला पैसे हवे होते.

"मोठी आई," मी म्हटलं, "हे सगळं घेऊन कशाला जायचं? मी आत्ता इथूनच माझ्या खात्यातून त्याला पाठवते. ही रोख मी वडशाच्या बँकेत भरून घेते. दोन मिनिटांचं काम आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी उष्टं वाढते म्हणाले.

"मंग मूर्ती तुयी झाली ना पोरी. लोकाईची कुठी झाली?"

"अगं, पैसे तेच ना."

"तेच कसे? लोकाईनं हे नोटा देल्ल्या. ह्याच गेल्या पाहिजे."

विहाराचं बँकेत खातं का नाही, हेही मी विचारलं. त्यावर तिथं बसलेल्या दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या. एकीच्या खात्यात आलेले पैसे कर्जाच्या हप्त्यात परस्पर कापून गेले होते. दुसरीला अंगठा उमटत नाही म्हणून महिनाभर परत पाठवलं होतं. शेवटी ठरलं की मी जातेच आहे तर थैली मी न्यायची, आणि मोठी आई सोबत येणार.

सकाळी वडशाहून चंद्रपूरची एसटी धरली. खिडकीशी मोठी आई, तिच्या मांडीवर थैली, थैलीवर पदर. मी शेजारी. बस सुटायच्या आधीच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वरच्या रॅकमध्ये हात घालणारा प्रत्येक माणूस मला थैलीकडेच बघतोय असं वाटे. एक तरुण माझ्या खांद्याला टेकून उभा राहिला, तर मी त्याला इतक्या जोरात "सरकून उभे राहा" म्हटलं की तो बिचारा दुसऱ्या टोकाला गेला. एरवी माझ्या फोनमध्ये याहून जास्त पैसे असतात, आणि तो फोन मी बसमध्ये सीटवर ठेवून डुलकी काढते. त्या दिवशी पाणी प्यायलासुद्धा हात मोकळा करवेना.

"काऊन अशी चुळबुळ करून राह्यली?" मोठी आई म्हणाली. "तुले पाहूनच चोर येईन."

वैनगंगेच्या पुलाशी बस थांबली. पुलापलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो. रस्त्यात लोखंडी कठडे, बाजूला मंडप, दोन पोलीस, कॅमेरा घेतलेला एक मुलगा. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती. हे मला ठाऊक होतं. शाळेतल्या निम्म्या शिक्षकांना निवडणुकीचं काम लागलं होतं. पण विहाराच्या पैशांचा आणि त्याचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

पोलीस सीटमागून सीट बघत आला. मोठ्या आईजवळ थांबला.

"बाई, थैलीत काय आहे?"

"मूर्तीचे पैसे."

ती खोटं बोलली असती तर कदाचित तो पुढे गेला असता. पण खोटं बोलण्यासारखं काही आहे हेच तिला वाटलं नाही. आम्हाला खाली उतरवलं. कंडक्टरनं थोडी वाट बघितली, आतले लोक कुरकुरायला लागले, आणि बस आमच्या डोळ्यांदेखत पूल ओलांडून गेली.

मंडपातल्या तपासणी पथकाचे प्रमुख कुठल्याशा सरकारी खात्यातले इंजिनियर होते. वयानं माझ्याहून लहान. बोलणं अगदी सभ्य.

"मॅडम, एवढी रोख आचारसंहितेत नेता येत नाही. बँकेतून काढल्याची पावती, संस्थेचं पत्र, काही आहे?"

काही नव्हतं. मी ओळखपत्र दाखवलं, मूर्तिकाराशी झालेलं फोनवरचं बोलणं दाखवलं, मूर्तीच्या नमुन्याचा फोटो दाखवला. त्यांनी सगळं नीट बघितलं.

"मला पटतंय," ते म्हणाले. "पण मला पटून उपयोग नाही. कागद पाहिजे. हेच पैसे तुम्ही फोनवरून पाठवले असते तर मी तुम्हाला थांबवलंही नसतं."

मी मोठ्या आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलून गेले असते.

टेबलावर थैली रिकामी केली. पाला उडून मंडपभर झाला. दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटांचा ढीग. म्हातारा हवालदार त्या लावायला बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, दहा-दहाच्या नोटा वाटून कोण निवडून येते जी?" साहेबांना हसू आलं, पण कॅमेरा सुरू होता.

मी गावी चुलतभावाला फोन लावला. पुलाजवळ रेंज येत-जात होती. तुटक तुटक एवढंच सांगता आलं की पैसे धरले, पुलावर आहोत. फोन कटला. मग मी मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. फोन वर धरून बघायची, परत खाली. कोणाला लावावा? काय सांगावं? मोठी आई प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती आणि नोटांवरून नजर हलवत नव्हती.

दुपार कलायच्या आत दोन काळ्यापिवळ्या जीपगाड्या येऊन थांबल्या. माणसं कापणीवरून तशीच आली होती. बायकांच्या लुगड्यांना धानाची कुसळं चिकटलेली, एकीच्या कमरेला विळा तसाच. पोलिसानं तो आधी बाजूला ठेवायला लावला. फोन कटल्यामुळे गावात बातमी अर्धीच पोचली होती. मोठ्या आईला पोलिसांनी धरलं असं त्यांना वाटलं होतं. ती खुर्चीवर चहा पीत बसलेली दिसल्यावर एकजण म्हणाला, "मंग आमी काऊन आलो?" आणि सगळे हसले. नंतर टेबलावरच्या नोटा दिसल्या आणि हसणं थांबलं.

कोणी आरडाओरडा केला नाही. एक बाई पुढे आली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, यातले माये हायेत. रोवणीचे." तिच्या मागे दुसरी. मग एक म्हातारा, "मायेबी." हळूहळू रांगच लागली. पथकप्रमुख आधी म्हणाले, एवढ्या सगळ्यांचं लिहून घेता येणार नाही. मग ते थांबले, आणि कॅमेरावाल्या मुलाला म्हणाले, "बंद करू नको. बोलू दे सगळ्यांना."

मी तिथं उभी राहून ऐकत होते. यातल्या कित्येकांना मी लहानपणापासून ओळखते. पण कोणी कशातून पैसे दिले हे मला पहिल्यांदा कळत होतं. एका विधवा बाईनं शेळी विकली होती. ती माझ्या वर्गातली, चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलेलं. ती आपलं सांगून झाल्यावर माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू घाबरू नको वो." मलाच.

तरी पैसे सुटले नाहीत. नियमाप्रमाणे पंचनामा झाला, नोटा थैलीत न भरता सरकारी कापडात बांधून लाखेचा शिक्का मारला, आणि ते गठोडं ट्रेझरीत जमा करायला गेलं. साहेबांनी एवढं केलं की गावकरी आले होते आणि त्यांनी काय सांगितलं हे पंचनाम्यात लिहिलं. मोठ्या आईची रिकामी थैली तिला परत दिली. ती तिनं झटकली, घडी केली आणि कमरेला खोचली. आम्ही दोघी गावकऱ्यांबरोबरच गावी परतलो.

पुढचे दिवस मला फार जड गेले. शाळा सुरू झाली, मी चंद्रपूरला परत आले, पण फळ्यावर आकृती काढताना मध्येच हात थांबे. पैसे मिळाले नाहीत तर? गावात कोणीतरी म्हणालं होतं की शहरातल्या बाईच्या हातात द्यायलाच नको होते. बोलणारा कोण हे मला सांगितलं नाही, म्हणून मला प्रत्येकावर संशय येई आणि त्या संशयाचीच लाज वाटे. मी मोठ्या आईला रोज फोन करी. ती रोज म्हणे, "येतीन ना. सरकारच्या घरी हायेत, कुठी जातीन?"

निवडणूक पार पडायच्या आधीच गडचिरोलीहून बोलावणं आलं. धरलेल्या रोखीचा निर्णय करणाऱ्या समितीसमोर आम्ही दोघी गेलो. ग्रामपंचायतीचं पत्र, मूर्तिकाराचं पत्र, पुलावरचं चित्रीकरण. फार वेळ लागला नाही. निवडणुकीशी संबंध नाही, परत द्या, असं ठरलं. बाहेरच्या टेबलावर कारकुनानं विचारलं, "रोख नेता की खात्यात टाकायचे?"

मी म्हणणार होते, रोख. तेवढ्यात मोठी आई म्हणाली, "खात्यात."

"का गं?" मी विचारलं.

"त्या पुलावरून आता मी नाई नेत त्याईले," ती म्हणाली. "माया जीव जाते."

म्हणजे बसमध्ये तिचाही जीव टांगणीलाच होता तर. तिनं दाखवलं नव्हतं एवढंच.

तिच्या आणि माझ्या नावानं जोडखातं काढलं. पैसे आले. पुढच्या रविवारी मी गावी गेले, कारण मूर्तिकाराला पैसे पाठवायचे ते गावासमोरच, असं तिनं बजावलं होतं. विहारात सगळे जमले. फोनला रेंज नाही. मग कोणीतरी म्हणालं, तलावाच्या पाळीवर येते. सगळी मंडळी तलावाच्या बांधावर, त्या पाळीवर. मी आकडा टाकला, मोठ्या आईला दाखवला, तिनं शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. ओटीपी यायला इतका वेळ लागला की आला तोवर त्याची मुदत संपली होती. परत मागवला. माझे तळहात ओले झाले होते, बोट काचेवर नीट उमटत नव्हतं. शेवटी हिरवी खूण आली.

"झालं," मी म्हटलं.

पाळीवर वारा होता, तलावात बगळे होते. जरा वेळानं शेळी विकलेल्या त्या माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"काई वाटलंच नाई वो," ती म्हणाली. लोक थोडा वेळ तसेच उभे राहिले, जणू आणखी काही व्हायचं आहे. मग एकेक जण घराकडे निघाला. मोठी आई सगळ्यात शेवटी उतरली. उतरताना माझा हात धरून तिनं विचारलं, "हे तेच पैसे गेले ना? लोकाईचेच?" मी हो म्हटलं. मला खरं काय ते आजही सांगता येणार नाही.

मूर्ती उन्हाळ्यात आली. टेम्पोतून उतरवायला अख्खं गाव. बायकांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, वंदना झाली, खीर झाली. खीर वाढताना पुलावर "मायेबी" म्हणालेला तो म्हातारा मूर्तीच्या आसनावर बोट ठेवून नातवाला सांगत होता, "हे इथचं धातू माया पैशाचं हाय." त्याला ती जागा कशी ठाऊक, हे कोणी विचारलं नाही.

आता विहाराला कुंपण घालायचं चाललंय. गावातल्या पोरांनी त्या जोडखात्याचा चौकोनी कोड छापून दारावर चिकटवला आहे. कामाला तेलंगणात गेलेली, नागपूरला शिकणारी मुलं तिथूनच पैसे पाठवतात. गावातलेही काही जण फोननंच देतात. पण देऊन झाल्यावर ते मोठ्या आईच्या अंगणात येतात आणि म्हणतात, "आजी, टाकले बरं का." ती म्हणते, "बस, पाणी पे." त्याशिवाय दिल्यासारखं त्यांनाही वाटत नाही, आणि मिळाल्यासारखं तिलाही.

खात्याचा संदेश मात्र माझ्या फोनवर येतो. वर्ग चालू असतो, ड्रॉवरमध्ये फोन गुरगुरतो. बघायचं नाही असं ठरवते आणि बघतेच. पैसे आले एवढं कळतं. नाव असतं ते निम्म्या वेळा दुसऱ्याच कोणाचं, कारण फोन मुलाचा, खातं सुनेचं. तास संपेपर्यंत मला चैन पडत नाही. घंटा झाली की व्हरांड्यात येऊन मी मोठ्या आईला फोन लावते.

"कोण आलं होतं?"

ती सांगते. कधी म्हणते, "आजून कोणी नाई आलं. येईन." मग मी पुढच्या तासाला जाते, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा लावते.