कानशिलाची खिडकी

माझं काम सांगितलं की लोक हसतात. सोलापुरात मेंदूच्या दवाखान्यात मी माणसांच्या डोक्यातलं रक्त ऐकते. डोळा आणि कान यांच्या मधे, कानशिलावर, हाड पातळ असतं. तिथं जेल लावून मशीनची दांडी टेकवायची. त्या जागेला आम्ही खिडकी म्हणतो. खिडकी सापडली की आतल्या नसेतलं रक्त सूंऽ सूंऽ वाजायला लागतं आणि पडद्यावर त्याचा वेग दिसतो. नस अरुंद झाली असेल तर आवाज चिरका येतो.

या कामाकडं मी वळले ती आईमुळं. वैरागजवळच्या आमच्या गावात एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. गावात शिटा भरून नेणारी वडापची जीप एकच, थोरल्या चुलत्याची. वडील पळत त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "जीप बंद हाय. आन् नाटकं करतीय धाकटी. पडू दे जरा."

मी ओट्यावर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात घरामागच्या रस्त्यानं जीप गेलेली मी ऐकली. तिच्या सायलेन्सरची फटफट मी झोपेतसुद्धा ओळखली असती. वडील म्हणाले, "दुसऱ्या कुणाची तरी असंल." एसटीनं बार्शीला पोचेपर्यंत दुपार टळली. आई परत घरी आली नाही. पुढं कितीदा तरी मी त्या जीपचा विषय काढला आणि दरवेळी घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

गेल्या महिन्यात तोच चुलता माझ्या टेबलासमोर उभा राहिला. दोनदा जीभ अडखळली, हात लुळा पडला आणि परत हलायला लागला, म्हणून मुलानं आणलं होतं. मुलाला मी बाहेर बसवलं. खोटं कशाला बोलू? मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"टोपी काढा, काका."

"टोपी कशाला?"

"डोकं तिच्याखालीच हाय न्हवं?"

बायामाणसांपुढं जन्मात बोडकं न बसलेला माणूस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. शेवटी काढली आणि छातीशी धरून आडवा झाला. जेल मी मुद्दाम गारच लावली.

उजवीकडची नस व्यवस्थित वाजली. तो आवाज ऐकून चुलता दचकला. "ह्यात मनातलं बी ऐकू येतं व्हय गं?"

चोराच्या मनात चांदणं! नुसतं रक्त ऐकू येतं, एवढंच सांगायचं होतं. मी आवाज वाढवला आणि म्हणाले, "सगळं ऐकू येतं. जुनं बी."

डावीकडं दांडी टेकवली. आवाज चिरका आला. तपासणी चालू असताना पेशंटला बोलू द्यायचं नसतं, आकडे बिघडतात. त्यानं तोंड उघडलं तेव्हा मी अडवलं नाही.

"जीप बंद नव्हती," तो म्हणाला. "वैरागचा बाजार व्हता. चौदा शिटा बसल्या व्हत्या, उतरवायच्या कशा? तुमच्या घरामागनंच गेलो की." मग टोपी छातीशी आवळत, "हॉर्न बी न्हाय वाजवला. तू ऐकशील म्हणून."

ऐकलं होतं, मेल्या! इतकी वर्षं मी खरंच बोलत होते.

दांडी सरकली आणि खिडकी सुटली. वाटलं, लिहून टाकावं डावी बाजू नॉर्मल आणि द्यावा घरी पाठवून. नाटकं करतोय म्हातारा. पडू दे जरा. पेन हातात घेतलंही होतं मी. पण मग वाटलं, एका झटक्यात गेला तर सुटेल की हा. आईला मी एकटीनंच जन्मभर मांडीवर घेऊन बसायचं, आणि यानं सुटायचं?

दांडी परत टेकवली, नीट मोजलं, खरं तेच लिहिलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली.

दारात टोपी सारखी करत चुलता हळूच म्हणाला, "कुणाला बोलू नगंस."

"गोळी एक बी चुकवू नका, काका," मी त्याच्या मुलाला ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमाला लई जगवायचं हाय. पुढच्या खेपंला आमच्या वडलांना बी शेजारी बसवते. आवाज मोठा ठेवते."