भिंतीला तडा, भिंतीशी घट

गौलीगुड्यातल्या आमच्या घराची आणि शेजारच्या घराची मधली भिंत एकच आहे. अठरा इंच जाड, दगड-चुन्याची. शेजाऱ्यांनी जुनं घर पाडून तळघर आणि वर चार मजले बांधायला काढले. पाडकामाच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या खोलीत, देवाच्या कोनाड्यापासून खाली, तडा दिसला. मी दर रविवारी फूटपट्टी लावून त्याची रुंदी लिहू लागलो. पहिल्या रविवारी दोन मिलिमीटर. पाचव्या रविवारीही दोनच.

"सारखं मोजून भिंत घाबरली असेल," बायको म्हणाली.

नवरात्र तोंडावर आलं होतं. आमचा घट त्याच कोनाड्याखाली बसतो. नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. आई ब्याऐंशी वर्षांची. ते नऊ दिवस ती घटापाशीच सतरंजी टाकून झोपते. म्हणून मी आधीच शेजाऱ्यांना विचारून आलो, तळघराची खोदाई कधी?

"दसरे के बाद, भाईसाब. लेबर सब बतुकम्मा के त्योहार को गांव जाते. आप टेन्शन नक्को लो."

मला पटलं. दसऱ्याच्या सुमाराला इथं मजूर मिळत नाही, हे मलाही ठाऊक होतं. तडा स्थिर आणि काम बंद, असा हिशेब करून मी आईला म्हटलं, नेहमीच्याच जागी बसव. जेसीबी चालवायला एकच माणूस पुरतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या माळेला सकाळी जेसीबी आला. चौथ्या माळेला तडा सात मिलिमीटर झाला होता. कुकटपल्लीला राहणारे माझे एक मित्र निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांना बोलावलं. आमचा पाया साडेचार फूट खोल, शेजारचा खड्डा सहा फुटांवर गेलेला, तोही भिंतीला लागून. त्यांनी तीन लोखंडी टेकू लावून घेतले आणि म्हणाले, "खोदाई थांबत नसेल, तर खोली आजच रिकामी करा."

आई सगळं ऐकत होती.

"आई, तू तरी पुढच्या खोलीत झोप."

"आणि दिव्याकडे कोण बघणार?"

"मी बसतो."

"तू बस की. भिंत काय, माझ्या अंगावर पडेल आणि तुझ्या अंगावर पडणार नाही?"

मी खोदाई थांबवण्याचा अर्ज लिहिला. वॉर्ड ऑफिसात गेलो. अर्ज घेतला, शिक्का मारला. साहेब सुट्टीवर, दसऱ्यानंतर या.

उरले शेजारी. ते खुर्ची टाकून खड्ड्याकडे बघत बसले होते. मला पाहून उठले, चहा मागवला आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. तडा पाडकामाच्या आधीपासूनच आहे, असं मी लिहून देतोय, अशा अर्थाचा.

"ये दस्तखत कर देव. दसरे तक मशीन बंद."

"ये झूट है."

"सच-झूट आप देख लेव. दीवार भी आपकीच, अम्मा भी आपकीच."

माझी चौतीस वर्षं ऑडिटमध्ये गेली. न पाहिलेल्या आकड्यापुढे मी कधी सही केली नाही. त्या कागदावर केली. चहा घेतला नाही, एवढंच.

जेसीबी लगेच बंद झाला. उरलेल्या माळा शांततेत गेल्या. आईने धान्य किती उगवलं ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. दसऱ्याला घट उठला आणि त्याच दुपारी मी तिची कॉट पुढच्या खोलीत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मशीन सुरू झालं. कोनाड्यातून चुना गळू लागला. मित्र म्हणाले, आता कोर्टात जायचं तर तुमची सहीच आधी पुढे येईल. घर विकावं म्हटलं, तर असल्या भिंतीचं घर घेणार कोण?

आईच्या खोलीला मी बाहेरून कडी घातली आहे. पुढच्या खोलीत कॉटवर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "शेजारी भला माणूस हो. देवीसाठी त्याने काम थांबवलं."

ते माझ्याकडे बघतात. मी "हो" म्हणतो.