नावाचा रकाना

ग्लेनिसला मी मावशी म्हणते. आठवडा झाला, गावात तिच्याशी कुणी बोलत नाही. मी बोलते, पण काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून लिहिते आहे.

ती आधी शाळेत स्वयंपाक करायची. मग ऑस्ट्रेलियातल्या आम्हा मूलनिवासींच्या कायदा-मदत ऑफिसात लागली. मीही तिथेच टायपिंग करते. तिचं काम एकच. ज्याची तारीख असेल त्याला कोर्टात उभं करायचं. कोण कुठल्या वस्तीत कुणाकडे झोपलाय, तिला पाठ. सकाळी सातला तिची टोयोटा दारात. "ऊठ रे राजा! सासरचं बोलावणं आलंय." गाडीत इस्त्रीचे चार सदरे कायम. ज्याला जो होईल तो.

मयताला न जाणं आमच्यात चालतच नाही. पूर्वी जामिनावरची माणसं न विचारता जायची. तिच्या भाच्याचा, लाझरसचा, थोरला भाऊ असाच एका मयताला गेला. मातीवरून थेट तुरुंगात. अकरा महिने. मग सहा वर्षं भांडून ग्लेनिसने जामिनाच्या अटींत एक ओळ घालून घेतली. घरात मयत झाली, तर अर्ज करून रजा.

आता लाझरसच जामिनावर होता. लायसन्स नसताना गाडी चालवली, तिसऱ्यांदा. रोज दहाला पोलिसांत सही, गाव सोडायचं नाही. तीनशे किलोमीटरवर त्याची आजी गेली. माती शुक्रवारी.

"रजा नाही दिली तरी मी जाणार, आत्या."

"माझ्यासमोर बोललास ते बोललास. कोर्टात तोंड उघडू नकोस."

अर्ज मी टाइप केला. मयताच्या नावाचा रकाना कोरा सोडला. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. लिहीतही नाही. मी ॲडलेडहून साहित्याची पदवी घेऊन आले आहे. कोर्ट कोरी जागा कशी वाचतं, हे मला कळायला हवं होतं.

बुधवारी आमच्या आधी खाणीतल्या एका गोऱ्या पोराचा पुकारा झाला. लायसन्स नाही, तिसरी वेळ. दंड झाला. पाच मिनिटांत तो बाहेर.

मग लाझरस.

"आजी वारली?" सरकारी वकील म्हणाले. "गेल्या वर्षीही आजीच वारली होती. आज्या आहेत तरी किती याला?"

"पाच होत्या साहेब," ग्लेनिस म्हणाली. "आजीच्या बहिणी आजीच असतात. दोन उरल्यात. त्या काय, मागे बसल्यात. मोजून घ्या."

कुणीतरी हसलं.

मॅजिस्ट्रेट बाईंनी लाझरसला विचारलं, "नाव का नाही लिहिलं?"

तो जमिनीकडे बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. सरकारी वकिलांनी हात पसरले.

"मी चिठ्ठीवर लिहून देते," ग्लेनिस म्हणाली.

"रेकॉर्डिंग चालू आहे. बोलून सांगावं लागेल. नावाशिवाय रजा देता येणार नाही."

गेलेली ग्लेनिसच्या आईची बहीण. ग्लेनिस तिलाही आईच म्हणायची. मागे वळून न बघता तिने नाव घेतलं. पूर्ण, स्पष्ट. मी ते इथे लिहिणार नाही.

बाकावरच्या दोघी म्हाताऱ्यांनी कान झाकले. एक रडत बाहेर गेली. लाझरसने आत्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून झोपू देत नाही.

तीन दिवसांची रजा मिळाली. शनिवारी दहाला पुन्हा सही.

बाहेर ग्लेनिसच्या गाडीत कुणी बसलं नाही. लाझरस आज्यांबरोबर दुसऱ्या गाडीने गेला. ती गेलीच नाही.

"मी कुठल्या तोंडाने रडू तिथे?"

शुक्रवारी माती होती त्या वेळी ती माझ्या टेबलापाशी उभी होती.

"टाइप कर. अटींत आणखी एक ओळ हवी. नाव बंद पाकिटात द्यायचं. फक्त मॅजिस्ट्रेटने वाचायचं. मोठ्याने नाही."

"त्यांनी नाही मानलं तर?"

"तर आणखी सहा वर्षं. टाइप कर ना, बसलीस काय?"

माझी बोटं चुकत होती. ती खोलीत येरझारा घालत होती. खिडकी, दार, खिडकी.

शनिवारी दहाला लाझरस पोलिसांत सही करून बाहेर पडला. आमच्या दारावरून गेला. वर पाहिलं नाही.

"आला ना परत," ग्लेनिस म्हणाली.

तो दिसेनासा झाल्यावर ती पुन्हा तेच म्हणाली.